चोर सोडून संन्याशाला फाशी : तापणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा इतिहास

१/
मोटारीच्या पोटाखाली, इंजिन आणि सायलेन्सर यांच्या दरम्यान, पोलादी कवचात बंद केलेला एक भाग असतो : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिनातून निघणारे विषारी वायू त्यातून गेले की बऱ्याच अंशी निरुपद्रवी होऊन बाहेर पडतात. हा भाग कधी कधी इतका तापतो की अंधारात लालबुंद दिसतो. आतला सच्छिद्र गाभा वितळतो आणि गाडीचा श्वास कोंडतो. मग भरभक्कम पैसे मोजून नवा कन्व्हर्टर बसवला जातो आणि थोड्याच दिवसांत तोही तसाच जळतो. असे का होते, याचे उत्तर यंत्रशास्त्रात आहे. ते उत्तर माणसाला कसे सापडत गेले, हा मात्र इतिहासाचा विषय आहे. या इतिहासात एक चूक पुन्हा पुन्हा घडलेली दिसते : ज्याचे अंग तापले, त्यालाच आजाराचे मूळ समजणे.

२/
आरंभ होतो २६ जुलै १९४३ रोजी, अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. त्या दिवशी शहरावर दाट धुरके उतरले. डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. जपानने विषारी वायूचा हल्ला केला, अशी शंका लोकांच्या मनात आली. ती फोल ठरल्यावर संशयाची सुई शहरातल्या एका कारखान्याकडे वळली. कृत्रिम रबरासाठी लागणारे ब्युटाडाइन तिथे तयार होत असे. लोकक्षोभापुढे तो कारखाना काही काळ बंद ठेवावा लागला. धुरके मात्र येतच राहिले. खरा अपराधी रस्त्यांवर लाखोंच्या संख्येने धावत होता आणि त्याच्याकडे कुणाचेही लक्ष नव्हते.

३/
तो अपराधी शोधून काढला आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाने. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ते अननसाचा सुवास कोणत्या द्रव्यांमुळे येतो याचा अभ्यास करत होते. हवेतील सूक्ष्म द्रव्ये गोळा करण्याची तीच पद्धत त्यांनी शहराच्या हवेला लावली. १९५०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी दाखवून दिले की, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर कडक ऊन पडले की ओझोन आणि इतर दाहक द्रव्ये तयार होतात. म्हणजे धुरके कुठल्या एका धुराड्यातून येत नव्हते. ते हवेतच शिजत होते आणि त्याची सामग्री मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखाने पुरवत होते. मोटारउद्योगाला हा निष्कर्ष सहजासहजी पचला नाही.

४/
याच सुमारास पेनसिल्व्हेनियात यूजीन हुड्री नावाचे एक फ्रेंच अभियंते या प्रश्नाकडे वळले. १८९२ साली जन्मलेले हुड्री पहिल्या महायुद्धात रणगाडा दलात लढले होते आणि जखमीही झाले होते. मोटारशर्यतींचा त्यांना विलक्षण शौक. चांगल्या पेट्रोलाच्या ध्यासातून त्यांनी जड खनिज तेलाचे उत्प्रेरकाच्या साहाय्याने विघटन करण्याची पद्धत विकसित केली. १९३० साली ते अमेरिकेत आले आणि दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांना लागणाऱ्या उच्च प्रतीच्या इंधनात त्यांच्या पद्धतीचा मोठा वाटा राहिला. ज्या माणसाने इंजिनाला उत्तम इंधन दिले, तोच आता त्या इंधनाच्या धुराचा बंदोबस्त करायला निघाला. त्यासाठी त्यांनी ‘ऑक्सी-कॅटॅलिस्ट’ ही कंपनी काढली. १९५६ साली त्यांना आपल्या उत्प्रेरक रचनेचे अमेरिकन पेटंट मिळाले.

५/
या यंत्राचे तत्त्व पुढच्या साऱ्या कथेची किल्ली आहे. उत्प्रेरक स्वतः जळत नाही आणि खर्चही होत नाही. तो फक्त रासायनिक क्रिया सोपी करतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन त्याच्या पृष्ठभागावर प्राणवायूशी संयोग पावतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते. हे ज्वालेविना होणारे ज्वलनच होय आणि ज्वलन म्हटले की उष्णता आलीच. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला उत्प्रेरक कामाला लागतो आणि एरवी ४०० ते ८०० अंशांच्या दरम्यान सुखाने काम करतो. त्याला तापावे लागतेच. किती तापायचे, हे मात्र त्याच्या हाती नसते. जेवढे इंधन आणि जेवढा प्राणवायू इंजिन त्याच्याकडे धाडते, तेवढे तो जाळतो.

६/
हुड्रींचे यंत्र मोटारीत चालेना. कारण यंत्रात नव्हते, पेट्रोलात होते. डिसेंबर १९२१मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना आढळले होते की, पेट्रोलात टेट्राइथाइल लेड हे शिशाचे संयुग किंचित मिसळले की इंजिनाची ‘नॉकिंग’, म्हणजे ठोके पडण्याची खोड जाते. १९२३पासून असे पेट्रोल विकले जाऊ लागले आणि पुढे जगभर पसरले. इंजिनातून बाहेर पडणारे हे शिसे उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर बसे आणि त्याचे सगळे कार्यक्षम बिंदू झाकून टाकी. थोड्याच प्रवासात उत्प्रेरक मृतवत होई.

७/
त्यामुळे हुड्रींच्या यंत्राला आश्रय मिळाला तो गोदामांतील फोर्कलिफ्टसारख्या वाहनांत. बंदिस्त जागेत धूर जिवावर बेतण्याची भीती होती आणि तिथे शिसेरहित इंधन वापरणे शक्य होते. मोटारीत मात्र ‘उत्प्रेरक टिकत नाही’ असा शिक्का त्याच्यावर बसला. निदान उलटे झाले होते. टिकत नव्हता तो उत्प्रेरक खरा, पण दोष वरच्या अंगाने वाहत येणाऱ्या विषाचा होता. १९६२ साली हुड्री वारले. आपल्या यंत्राची मोटारीच्या पोटाखाली झालेली प्रतिष्ठापना त्यांना पाहता आली नाही.

८/
३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यावर सही केली. १९७५ सालच्या मोटारींनी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचे उत्सर्जन ९० टक्क्यांनी घटवावे, अशी त्यात अट होती. हे साधायचे कसे, हे कायद्याने सांगितले नव्हते. उत्प्रेरक हा एक मार्ग होता; त्यासाठी पेट्रोलातून शिसे जाणे अटळ होते. त्याच वर्षी जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल यांनी शिसेरहित पेट्रोलाचा पुरस्कार केला. ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत शिशाचा तो गुण सापडला, त्याच कंपनीला अर्ध्या शतकाने शिसे नकोसे झाले.

९/
दुसरा प्रश्न होता उत्प्रेरक ठेवायचा कशावर. प्लॅटिनम आणि पॅलेडियम हे धातू महाग. ते अत्यल्प प्रमाणात, पण प्रचंड पृष्ठभागावर पसरावे लागतात. जनरल मोटर्सने आरंभी बारीक गोळ्यांनी भरलेले पसरट डबे वापरले. कॉर्निंग कंपनीत रॉडनी बॅग्ली, अर्विन लॅकमन आणि रोनाल्ड लुइस यांनी वेगळी वाट काढली : मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, शेकडो उभ्या नळ्यांचा चिनीमातीच्या जातीचा ठोकळा. त्याचा पदार्थ कॉर्डिएराइट. हा तापला तरी फारसा प्रसरण पावत नाही, म्हणून एकाएकी उष्णता वाढली तरी सहसा तडकत नाही. पण तोही सुमारे १,४५० अंशांना वितळतो. त्याच्या बऱ्याच आधी, १,००० अंशांच्या आसपास, त्यावरील धातूचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होऊ लागतात आणि उत्प्रेरकाची शक्ती कायमची घटते.

१०/
१ जुलै १९७४पासून अमेरिकेतील मोठ्या पेट्रोलपंपांना शिसेरहित पेट्रोल ठेवणे बंधनकारक झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून कन्व्हर्टर बसवलेल्या १९७५च्या मोटारी बाजारात आल्या. त्यांच्या टाकीचे तोंड मुद्दाम अरुंद केले होते. शिसेयुक्त पेट्रोलाची जाड नळी त्यात शिरतच नसे. तरीही स्वस्ताईच्या मोहाने काही जण नरसाळे लावत, तर काही जण ते अरुंद तोंडच फोडून मोठे करत. ही लबाडी ओळखण्यासाठी तपासनीसांकडे एक खास कागद असे. टेलपाइपच्या आतल्या भागावर तो ओला करून दाबला की, शिसे असल्यास त्याचा रंग पालटे. कन्व्हर्टरच्या आजाराचे हे एक जुने आणि सोपे निदान.

११/
शिशाने मेलेला कन्व्हर्टर थंड पडतो : त्याच्यात क्रियाच होत नाही, मग उष्णता कुठून येणार? पण १९७५च्या मोटारींत दुसराच, नेमका उलटा आजार दिसू लागला. कन्व्हर्टर बेसुमार तापू लागले. त्यामागचे गणित सोपे आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरची ठिणगी पडलीच नाही, तर इंजिनाला मिळालेल्या इंधनापैकी एक चतुर्थांश न जळता बाहेर पडते. त्याच्यासोबत त्याच्या वाट्याचा प्राणवायूही न वापरलेला बाहेर पडतो. इंधन आणि हवा यांचे हे तयार मिश्रण आधीच तापलेल्या उत्प्रेरकावर येऊन आदळते आणि सिलिंडरमध्ये व्हायला हवे होते ते ज्वलन त्या डब्यात होते. गॅरेजच्या भाषेत ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात, ते कन्व्हर्टरसाठी भट्टी पेटवण्यासारखे असते.

१२/
या तापाचे परिणाम मोटारीपुरते मर्यादित राहिले नाहीत. उन्हाळ्यात वाळलेल्या उंच गवतावर उभ्या केलेल्या मोटारीच्या पोटाखालून वणवा पेटू शकतो, ही चिंता अमेरिकेच्या वनखात्यापर्यंत पोहोचली. कन्व्हर्टरभोवती उष्णतारोधक पत्रे आले. ‘वाळक्या गवतावर गाडी उभी करू नये’ ही सूचना मालकपुस्तिकांत आली, ती आजही असते. कन्व्हर्टरच्या विरोधकांना आयते कोलीत मिळाले : हवा स्वच्छ करायला निघालेले यंत्र आता रानाला आग लावते, असा प्रचार झाला. पत्र्याने गवत वाचत होते, कन्व्हर्टर मात्र आतून वितळत होता, कारण उष्णतेचा उगम पत्र्याने अडत नव्हता.

१३/
तो उगम होता जुन्या प्रज्वलन पद्धतीत. त्या काळच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडझाप करणारे धातूचे ‘पॉइंट’ असत. ते झिजत, काळवंडत, त्यांच्यातील फट बदले आणि काही हजार किलोमीटरनंतर ठिणगी दुबळी होई. पूर्वी याचा अर्थ गाडी जरा अडखळते, पेट्रोल जास्त खाते, एवढाच होता. कन्व्हर्टर आल्यावर तीच हयगय महागात पडू लागली. म्हणून १९७५च्या मोटारींत जनरल मोटर्सने कन्व्हर्टरबरोबरच इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन पद्धतही सरसकट दिली. क्रायस्लर त्याआधीच त्या वाटेने गेली होती. कन्व्हर्टर वाचवण्याचा उपाय कन्व्हर्टरपासून दूर, इंजिनाच्या माथ्यावर सापडला. पेट्रोलानंतर आता ठिणगी सुधारली.

१४/
सुधारणा मेकॅनिकच्या सवयींतही व्हावी लागली. कोणता सिलिंडर मंद आहे हे ओळखण्याची जुनी रीत अशी : इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. जी काढल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आजारी. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही परीक्षा कन्व्हर्टरच्या गाडीत लांबवली, तर काढलेल्या वायरच्या सिलिंडरमधील सारे पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाते. निदान करता करताच रोगी दगावण्याची वेळ! म्हणून उत्पादकांनी ही चाचणी फार वेळ करू नये असे बजावले. बॅटरी उतरलेली गाडी धक्का मारून सुरू करण्यालाही याच कारणाने मनाई झाली. धक्क्यागणिक सिलिंडरमधून कच्चे पेट्रोल पुढे ढकलले जाते आणि गाडी सुरू झाली की ते पेट घेते.

१५/
तिसरा अपराधी होता कार्ब्युरेटर. इंधन आणि हवा यांचे प्रमाण तो ठोकताळ्याने ठरवी. थंडीत लावलेला चोक अडकून राहिला, तर इंधनाचा अतिरेक होई. निव्वळ जास्तीचे इंधन प्राणवायूविना जळू शकत नाही. पण त्या काळच्या अनेक मोटारींत धूर शुद्ध करण्यासाठी पंपाने बाहेरची हवा धुराच्या मार्गात सोडली जाई. अडकलेला चोक इंधन पुरवी, पंप प्राणवायू पुरवी आणि मधल्यामध्ये कन्व्हर्टर होरपळे. पुढे एंगेलहार्ड कंपनीत कार्ल कीथ, जॉन मूनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन प्रदूषकांवर एकाच वेळी काम करणारा उत्प्रेरक घडवला. त्याला इंधन आणि हवेचे प्रमाण अचूकच लागे. बॉश कंपनीने धुरातील प्राणवायू मोजणारा संवेदक दिला आणि कॅलिफोर्नियासाठीच्या १९७७च्या व्होल्वो मोटारींत ही जोडी प्रथम रस्त्यावर आली. यथावकाश कार्ब्युरेटर मोटारींतून हद्दपार झाला.

१६/
कारणे कमी झाली, तरी संपली नाहीत. मग ताप मोजण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९७०च्या दशकापासून जपानी मोटारींत कन्व्हर्टरपाशी तापमान जाणणारा संवेदक आणि चालकासमोर इशारा देणारा दिवा बसवला गेला. १९९०च्या दशकातील फेरारी मोटारींत तर ‘स्लो डाउन’ अशी अक्षरेच उजळत : वेग आवरा, कन्व्हर्टर तापला आहे. पण थर्मामीटरही आजारी पडतो. त्या गाड्यांच्या मालकांना लवकरच कळले की, अनेकदा कन्व्हर्टर ठीक असतो आणि तापमान मोजणारी तार किंवा तिचा इलेक्ट्रॉनिक डबाच बिघडलेला असतो. निदानशास्त्राचा एक जुना धडा इथे पुन्हा गिरवला गेला : उपचारापूर्वी मोजमाप खरे आहे की नाही ते पाहावे.

१७/
यापेक्षा चतुर कल्पना कॅलिफोर्नियातून आली. तिथल्या वायुसंसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष तेच हागेन-स्मिट होते. त्या मंडळाने १९८८च्या मोटारींपासून स्वतःची तपासणी स्वतः करणारी संगणकीय यंत्रणा सक्तीची केली. तिची सुधारित आवृत्ती, ओबीडी-२, १९९६पासून सगळ्या अमेरिकेतील नव्या मोटारींना लागू झाली. ती ताप मोजत बसत नाही, तापाचे कारण पकडते. प्रत्येक ठिणगीसरशी इंजिनाचा दांडा किंचित वेग घेतो. एखादी ठिणगी चुकली की त्याची गती क्षणभर मंदावते. संगणक ही नाडी सतत तपासतो. दर २०० फेऱ्यांच्या हिशेबात कन्व्हर्टर जाळण्याइतक्या ठिणग्या चुकल्या, तर समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा उघडमीट करू लागतो.

१८/
हा फरक अनेक चालकांना आजही ठाऊक नसतो. तो दिवा स्थिर जळत असेल तर गाडी लवकर दाखवावी, एवढाच त्याचा अर्थ. तो लुकलुकत असेल तर त्या क्षणी कन्व्हर्टरमध्ये कच्चे इंधन जळत आहे. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा आणि सुरक्षित जागी थांबावे. दुसरी गफलत होते ती ‘पी ०४२०’ या संकेतांकाबाबत. कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतर असे दोन प्राणवायू संवेदक असतात. पहिल्याचे संकेत वरखाली होत राहतात. कन्व्हर्टर निरोगी असेल तर दुसऱ्याचे जवळपास स्थिर राहतात. दोन्ही सारखेच हेलकावू लागले की हा संकेतांक उमटतो. त्याचा अर्थ ‘कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी दिसते’ इतकाच आहे. ती का कमी झाली, हे तो सांगत नाही. धुराच्या नळीतील गळती किंवा दुबळा संवेदक यांमुळेही तो येऊ शकतो.

१९/
भारतात ही कथा १ एप्रिल १९९५ रोजी दाखल झाली. सर्वोच्च न्यायालयापुढे चाललेल्या एम. सी. मेहता यांच्या याचिकेच्या पार्श्वभूमीवर मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तिथे शिसेरहित पेट्रोल मिळू लागले. पण देशाचा मोठा भाग अजून शिसेयुक्त पेट्रोलावरच चालत होता. मुंबईत घेतलेली नवी गाडी गावाकडे निघाली की मधल्या पंपावर कोणते पेट्रोल मिळेल, हा प्रश्न कन्व्हर्टरच्या जिवाचा होता. शिवाय त्या काळच्या छोट्या मोटारींत कार्ब्युरेटरच असे आणि धक्का मारून गाडी सुरू करणे हा तर आपल्याकडे शेजारधर्माचा भाग! अमेरिकेने दोन दशकांत एकामागून एक पाहिलेले सगळे आजार इथे एकाच वेळी संभवत होते.

२०/
१ फेब्रुवारी २०००पासून भारतभर पेट्रोल शिसेरहित झाले. त्याच सुमारास कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन पद्धत रूढ झाली. ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१०पासून आणि दुसरा एप्रिल २०१३पासून आला. १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली. जुलै २०२१मध्ये अल्जीरियातील साठा संपला आणि मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल जगातूनच नाहीसे झाले. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते, हे वैद्यकाने स्वतंत्रपणे सिद्ध केले होतेच. तरी ते पेट्रोलातून घालवण्याची प्रत्यक्ष निकड निर्माण केली ती मुख्यतः मोटारीखालच्या या पोलादी डब्याने. ज्या भागाला ‘नाजूक’ म्हणून हिणवले, त्याच्या नाजूकपणामुळेच पेट्रोल, ठिणगी आणि इंधनाचे मोजमाप यांना सुधारावे लागले.

२१/
हा सगळा इतिहास आजच्या गॅरेजातील निदानाचा क्रमच सांगतो. पहिली पायरी : कन्व्हर्टर खरोखर अति तापतो आहे का? इंजिन पुरते गरम झाल्यावर अवरक्त थर्मामीटरने कन्व्हर्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या नळीचे तापमान घ्यावे. नेम उष्णतारोधक पत्र्यावर धरला तर आकडा फसवा येतो. नंतरची नळी थोडी अधिक गरम असणे स्वाभाविक आहे. फरक अवाजवी असेल, तर आत जास्तीचे इंधन जळते आहे असे समजावे. दोन्हीकडे सारखेच तापमान असेल, तर मात्र घाईने निष्कर्ष काढू नये : कन्व्हर्टर निकामी झालेला असू शकतो किंवा इंजिन इतके स्वच्छ चालत असेल की त्याला जाळायला फारसे काही उरलेच नाही. कवचाचा निळसर पडलेला रंग जुन्या तापाची खूण असतो, तर हलवल्यावर येणारा खुळखुळ आतला ठोकळा फुटल्याची.

२२/
दुसरी पायरी : उगमाकडे जावे. स्कॅनरवर ‘पी ०३००’च्या मालिकेतील संकेतांक मिळाले, तर कोणता सिलिंडर ठिणगी चुकवतो ते कळते, मग प्लग, कॉइल आणि इंजेक्टर यांची तपासणी करावी. गळका इंजेक्टर किंवा चुकीचे सांगणारा पहिला प्राणवायू संवेदक इंधनाचा अतिरेक घडवतो. इंजिन ऑइल पीत असेल, तर ऑइलमधील फॉस्फरसचा थर कन्व्हर्टरवर बसतो, ही शिशाच्या विषबाधेचीच धाकटी बहीण. हेड गॅस्केटमधून कूलंट झिरपत असेल, तरी असेच होते. तिसरी पायरी : नळी तुंबली आहे का? पहिला संवेदक काढून त्या जागी दाबमापक लावला की कळते. आत वितळलेला गाभा धुराची वाट अडवतो, मग इंजिनावर उलटा दाब येतो, गाडी चढाला दम टाकते आणि उष्णता आणखी वाढते. हे सारे झाल्यावर कन्व्हर्टरचा क्रमांक शेवटी येतो.

२३/
क्रम उलटा केला की काय होते, ते खर्चाच्या कागदावर उमटते. प्लग किंवा कॉइल बदलण्याचा खर्च कन्व्हर्टरच्या किमतीपुढे किरकोळ असतो, कारण कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात. ठिणगी चुकवणाऱ्या इंजिनाला नवा कन्व्हर्टर जोडणे म्हणजे त्याच भट्टीत नवे सरपण टाकणे. काही ठिकाणी तर कन्व्हर्टरचा गाभाच फोडून डबा रिकामा केला जातो. दिवसभर गाडी हलकी वाटते आणि १९४३ सालच्या त्या धुरक्याची सामग्री पुन्हा बिनदिक्कत हवेत जाऊ लागते. लॉस एंजेलिसमध्ये ब्युटाडाइनचा कारखाना बंद केल्यावरही डोळे चुरचुरतच राहिले होते. मोटारीतही उगमापाशी जी ठिणगी चुकते, ती आधी शोधावी लागते. कन्व्हर्टरचा न्याय त्यानंतर करता येतो.